रिव्हर्ब बंद पडला म्हणून ॲम्पमध्ये हात घालू नका

माझा भाचा पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याच्या फेंडर डीलक्स रिव्हर्ब रिइश्यू या ट्यूब ॲम्पचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला येणारी घुमक, परवा बंद पडला आणि कुणीतरी लगेच त्याला ‘घरच्या घरी दुरुस्ती’चा मेसेज पाठवला. ‘मामा, उघडू का?’ असं विचारायची बुद्धी त्याला झाली, म्हणून आज शांतपणे लिहू शकतोय.

मेसेज असा: रिव्हर्ब गेला म्हणजे टँक (स्प्रिंगांनी आवाज घुमवणारी पेटी) गेला. आधी स्प्रिंग ताणून डब्ल्यूडी-४० तेल मारा. नाहीच जमलं तर १७ इंची कुठलाही टँक बसवा. दम हवा असेल तर १२एटी७ ही ट्यूब (काचेची नळी) काढून १२एएक्स७ लावा. एवढं करूनही आला नाही तर प्लग काढा, पाच मिनिटं थांबा आणि चासी (सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा) उघडून सोल्डर तपासा. प्लग काढल्यावर शॉकचा धोका नसतो.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्याने माणूस मरू शकतो. ट्यूब ॲम्पमधले फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. फेंडरचा १९६३चा एबी७६३ हा सर्किटचा नकाशा उघडून बघा, डीलक्स रिव्हर्बचं सर्किट त्यातच आहे. मुख्य सप्लाय ४०० व्होल्ट डीसीच्या वर, आणि तो चार्ज उतरवण्यासाठी वेगळा रेझिस्टर त्यात दिलेलाच नाही. ट्यूब गरम असताना ॲम्प बंद केला तर बराचसा चार्ज त्यांच्यातून उतरतो, हे खरं. पण तपासायला म्हणून ट्यूब आधीच काढून ठेवल्या असतील तर तो जाणार कुठून? मोठे कपॅसिटर एकदा रिकामे केल्यावरही थोडा व्होल्टेज परत चढतो. म्हणून या कामात घड्याळ बघायचं नसतं, मीटर बघायचा असतो: मोजायचं, रेझिस्टर लावून उतरवायचं, पुन्हा मोजायचं. ज्याला ही सवय नाही त्याने चासी काढूच नये.

आणि काढायची गरजही बहुतेक वेळा पडत नाही. त्याच नकाशावरून अर्धं निदान बाहेरूनच होतं. या ॲम्पला नॉर्मल आणि व्हायब्रॅटो अशी दोन चॅनेल, म्हणजे गिटार लावायच्या दोन वाटा आहेत; रिव्हर्ब फक्त व्हायब्रॅटोला आहे. गिटार नॉर्मलमध्ये लावून ‘रिव्हर्ब गेला’ म्हणणारे मी पाहिलेत. मग फूटस्विच (रिव्हर्ब चालू-बंद करायचं पायाचं पेडल) काढून बघा. त्याची केबल आत शॉर्ट झाली तर रिव्हर्ब मुका होतो, आणि पेडल नसताना तो चालूच असायला हवा.

आता रिव्हर्बचा नॉब तिनावर ठेवून ॲम्पला हलका धक्का द्या. स्प्रिंगचा गडगडाट आला तर टँकचा परतीचा भाग (आवाज परत ॲम्पमध्ये आणणारा) आणि त्यापुढची ट्यूब ठीक आहेत. दोष टँकला सिग्नल पुरवणाऱ्या बाजूला किंवा टँकच्या इनपुटमध्ये आहे. गडगडाट नाही आला तर टँकच्या आउटपुटमधला प्लग उपसा आणि त्याच्या मधल्या पिनेला बोट लावा. गुणगुण आली तर ॲम्प ठीक, संशय टँकवर.

सिग्नल पुरवणारी ट्यूब म्हणजे व्ही३ (नकाशावरची तिसरी ट्यूब), १२एटी७. याच ॲम्पमध्ये व्ही६ हीसुद्धा १२एटी७च आहे. ॲम्प बंद करून, ट्यूब थंड झाल्यावर दोघींची अदलाबदल करा. रिव्हर्ब परत आला आणि एकूण आवाज बसला, तर चोर सापडला. खर्च शून्य. परतीच्या ट्यूबचा, म्हणजे व्ही४चा संशय असेल तर व्ही१ उसनी घ्या, ती फक्त नॉर्मल चॅनेलची आहे.

टँक जातो, हे मात्र मान्य करावं लागेल. आतली केसासारखी बारीक तार तुटते. पण ते मीटरने कळतं: दोन्ही केबल काढून मोजा. इनपुटला साधारण एक ओहम, आउटपुटला दोनशेच्या आसपास. मीटरने ‘ओपन’ दाखवलं तरच टँकचा खर्च करा. तोही ‘कुठलाही १७ इंची’ नव्हे. या ॲम्पला ४एबी३सी१बी लागतो. त्यातला ‘ए’ म्हणजे ८ ओहमचा इनपुट. तिथे ‘एफ’वाला घेतलात तर इनपुट १४७५ ओहमचा, मग नवाकोरा टँक लावूनही रिव्हर्ब नावापुरताच येतो.

स्प्रिंग ताणणं आणि तेल मारणं, दोन्ही मूर्खपणा. ओढाओढीत धड असलेली तारही तुटते.

१२एएक्स७चं म्हणाल तर तिचा गेन (सिग्नल मोठा करण्याची क्षमता) जास्त आहे, इतकंच खरं. व्ही३मध्ये ट्यूबचे दोन्ही भाग समांतर जोडून छोटा ट्रान्सफॉर्मर हलवायचा असतो, त्याला करंट लागतो. १२एटी७ची प्लेट (करंट झेलणारा आतला भाग) अडीच वॅट सोसते, १२एएक्स७ची साधारण एक.

हे सगळं तपासूनही रिव्हर्ब आला नाही, तर दोष ट्रान्सफॉर्मर, ५०० पिकोफॅरडचा कपॅसिटर किंवा व्ही३च्या कॅथोडचा २२०० ओहमचा रेझिस्टर अशा ठिकाणी असू शकतो. तिथे ट्यूब ॲम्पवर हात बसलेला तंत्रज्ञच गाठा. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आजच लिहा की पाच मिनिटांची गोष्ट खोटी आहे.