पगार माझा, होल्ड बँकेचा

काल पगार झाला. १४ हजार. एरंडोलकडच्या एका जिनिंगवर दिवसभर कापसाच्या गाड्यांचं वजन लिहून मिळालेले. सकाळी जमा झाल्याचा मेसेज आला, अकराला एटीएमवर गेलो, तर काढता येण्यासारखी शिल्लक शून्य.

बँकेत पाऊण तास रांग. मॅडम म्हणाल्या, "होल्ड लागलाय. सीसी थकलंय ना तुमचं." सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, माझ्या कापसाच्या व्यापाराचं कर्ज. मी म्हटलं, मॅडम, त्याच कर्जासाठी जळगावच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडणं आवाक्याबाहेर गेलंय असा अर्ज केलाय, ज्यांचं देणं आहे त्यांच्या यादीत पहिलं नाव तुमच्याच बँकेचं आहे, नोटीस तुम्हाला पोचलीय. तर त्या मागे वळून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं साहेबांना विचारतात, "सर, ते दिवाळं काढलेले आलेत. काय सांगू?"

दिवाळं काढलेले! रांगेत माझ्या गावची चार माणसं होती. त्यांच्याच ओट्यावर बसून मी कापसाचा भाव ठरवायचो. चौघांनी माना खाली घातल्या आणि मोबाइल काढले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण ते माना खाली घालणं रात्रभर डोळ्यांपुढून गेलं नाही. एक म्हातारी मावशी तेवढी बोलली, "तेना कष्टना पैसा शे ना, मंग का बरं देतस नही?" अख्ख्या बँकेत कायदा तिला एकटीला कळला.

साहेब म्हणतात, "आमच्या हातात काही नाही, सिस्टीमनं लावलंय." साफ खोटं. वसुलीचं पत्र पाठवताना, घरी माणूस धाडताना सगळं यांच्याच हातात असतं. अहो, कोर्टानं पगार जप्त करायचा म्हटला तरी पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. म्हणजे १४ हजारांतल्या साडेनऊ हजारांहून जास्त रकमेला कोर्टसुद्धा हात लावत नाही. आणि ही बँक, हुकूम नाही, पत्र नाही, सगळेच्या सगळे अडकवून बसलीय. घरात सिलिंडर संपलाय, पोराची परीक्षा फी भरायचीय, ते कोणाला सांगू?

मी काही बुडवून पळालो नाही. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला सगळ्या खानदेशानं पाहिला. पुढच्या हंगामात नऊ हजारांच्या आसपास खेडा खरेदी केली, म्हणजे गावातच शेतकऱ्यांकडून कापूस घेतला, भाव परत चढेल म्हणून माल भरून ठेवला, तो उतरत उतरत आठच्या खाली आला. शेतकऱ्यांचे पैसे आधी चुकते केले, बायकोचे दागिने मोडून. उरलं ते बँकेचं, आणि ते मी कोर्टात स्वतः लिहून दिलंय, ताट-वाटीसकट.

नादारीचा कायदा तरी कोणता, तर १९२० चा. कर्ज ५०० रुपये असलं की अर्ज करता येतो, आणि नादार ठरल्यावर न सांगता कोणाकडून ५० रुपये उधार घेतले तर तुरुंग! आजच्या ५० रुपयांत पाव किलो शेव तरी येते का? २०१६ चा नवा कायदा आला, पण त्यातला आमच्यासारख्यांचा भाग अजून लागूच नाही. कंपनीला जामीन राहिलेल्यांना तेवढा १ डिसेंबर २०१९ पासून लागू. साध्या माणसानं शंभर वर्षांपूर्वीच्याच कागदावर मरायचं.

आणि ते चार्जेस! हप्ता बाउन्स झाला की दंड, त्यावर १८ टक्के जीएसटी, त्याच महिन्यात परत लावून परत बाउन्स. खात्यात पैसे नाहीत म्हणून पैसे कापतात. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय, तरी रात्री साडेनऊला माझ्या मेव्हण्याला फोन. त्याचा काय संबंध? त्या दिवसापासून बहीण घरी आलेली नाही.

वकीलसाहेब चिडले माझ्यावरच. "कर्ज जिथं आहे तिथंच पगार घेतोस? पहिल्या दिवशी सांगितलं होतं, जिथं एक रुपया देणं नाही तिथं खातं काढ." सांगितलं होतं, खरंय. गेलोही होतो. दुसऱ्या बँकेतला पोरगा म्हणाला, झिरो बॅलन्सची खाती बंद झालीत, दहा हजार ठेवा. धडधडीत थाप! किमान शिल्लक नसलेलं साधं बचत खातं प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. पण तेव्हा मला माहीत नव्हतं, मी मुकाट घरी आलो. आता माहीत आहे.

काल होल्ड उठवायचा अर्ज लिहून दिला, तर पोच देईनात. "ठेवून जा, बघतो." पोच नाही तर बँकेच्या उत्तराचे ३० दिवस मोजायचे कुठून, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची कशाच्या जोरावर? ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर शिक्का ड्रॉवरमध्ये. आज तीन झेरॉक्स काढल्यात, कलम ६० ची प्रत जोडलीय, मालकाकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतलीय. साडेदहाला शटर उघडेल तेव्हा पहिला मी असेन, आणि माझ्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख, सही पडल्याशिवाय काउंटर सोडणार नाही.