खुलासा : लहान मुलांची फ्लोराइड पेस्ट आणि तो फिरणारा मेसेज

गोव्यात फोंडा, डिचोलीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘फ्लोराइड विष आहे, सहा वर्षांखालच्या मुलांना साधी पेस्टही देऊ नका, मिठाने दात घासा.’ हे चुकीचे आहे. फ्लोराइड म्हणजे पेस्टमधले, दातांना किडीपासून वाचवणारे द्रव्य.

मुळात भीती पेस्ट गिळण्याची आहे. दात हिरडीखाली जबड्यात घडत असताना रोज जास्त पेस्ट पोटात गेली तर पुढे कायमच्या दातांवर पांढरे डाग दिसू शकतात. त्यावर उपाय पेस्ट बंद करणे नव्हे, मोजून देणे. पहिला दात दिसल्यापासून 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी (आपला उकडा तांदूळ जाडा, तेवढी नको), 3 ते 6 वर्षे वाटाण्याएवढी. पेस्टच्या नळीवर फ्लोराइडचा 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) आसपास आकडा बघा. ब्रश मोठ्यांनी धरावा, दिवसातून दोनदा. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी, दुधाची बाटली नाही. थुंकायला शिकवा, पण नंतर खळखळून चुळा नकोत, फ्लोराइड धुऊन जाते.

मिठात फ्लोराइड नसते आणि खडे हिरड्यांना घासतात. दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, त्यामुळे ‘पडणारच आहेत’ म्हणून कीड सोडून देऊ नका. दातावर पांढरट खडूसारखी रेघ (किडीची सुरुवात) दिसली तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्यांना दाखवा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.