मेंदूचा भाग? लिहा वाट्टेल ते!

एकच फाइल, एकच कॉलम: प्रयोगातला तुकडा मेंदूच्या कुठल्या भागातला. त्यात ‘हिप्पोकॅम्पस’, ‘हिप्पो’, ‘एचपीसी’, ‘एचसी’, ‘डॉर्सल हिप.’, ‘सीए१’, आणि एका ओळीत नुसतं ‘वरीलप्रमाणे’. रोख सगळा एकाच भागाकडे: हिप्पोकॅम्पस, मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग. ही फाइल ज्या लॅबमधून येते तिथे फ्रीझर उणे ८० अंशांचा असतो, कॉन्फोकल मायक्रोस्कोप कोटीच्या घरातला असतो आणि पिपेट कॅलिब्रेशनचं वेळापत्रक भिंतीवर डकवलेलं असतं. एक मायक्रोलिटर इकडचा तिकडे झाला तर जीव जातो. पण तुकडा मेंदूच्या कुठल्या भागातून कापला हे लिहायची वेळ आली की थेट किराण्याची यादी.

विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘अहो, कळतं की!’ कुणाला कळतं? तुम्हाला कळतं, कारण तुम्ही कापला. ज्या विद्यार्थ्याने सॅम्पल घेतलं तो पोस्टडॉकला परदेशी गेला की तुम्हालाही कळत नाही. कॉम्प्युटरला तर पहिल्या दिवसापासून कळत नाही. त्याच्या लेखी ‘एचपीसी’ आणि शेवटी एक स्पेस राहून गेलेला ‘एचपीसी’ हे दोन निराळे अवयव आहेत.

बरं, ‘हिप्पोकॅम्पस’ असं पूर्ण लिहिलं तरी भागतं का? कुणी त्यात फक्त अमॉन्स हॉर्न धरतं, म्हणजे सीए१ ते सीए३. कुणी डेंटेट गायरस मिळवतं. कुणी सबिक्युलम आणि एंटोरायनल कॉर्टेक्स हे लगतचे भागही आत ओढतं. म्हणून तर युबेरॉन या शरीररचनेच्या ऑन्टॉलॉजीत, म्हणजे ठरवून दिलेल्या संज्ञांच्या कोशात, वेगवेगळे क्रमांक दिलेत: हिप्पोकॅम्पल फॉर्मेशन ०००२४२१, अमॉन्स हॉर्न ०००१९५४, डेंटेट गायरस ०००१८८५. हा काथ्याकूट हौसेचा नाही. प्रॉक्स१ हे जनुक डेंटेटच्या ग्रॅन्यूल पेशींची ओळखखूण आहे. एका लॅबने डेंटेटसकट कापलं, दुसरीने नुसतं सीए१, आणि दोघींनी लिहिलं ‘हिप्पोकॅम्पस’. एकीकडे आजारी उंदीर जास्त, दुसरीकडे निरोगी जास्त. डेटा एकत्र केला की प्रॉक्स१मध्ये दणदणीत फरक! तो फरक आजाराचा नाही, सुरीचा आहे. पण हे शोधायचं कुणी? ज्याने फाइल साफ करायची त्याने. तेही मूळ नोंदवही नसताना.

स्ट्रायाटम, म्हणजे मेंदूच्या खोलातला हालचालींशी जोडलेला भाग, त्याची गत याहून वाईट. माणसात इंटर्नल कॅप्सूल ही तंतूंची पट्टी मधून जाते म्हणून त्याचे कॉडेट आणि पुटामेन हे दोन भाग वेगळे दिसतात. उंदरात ते एकच कॉडोपुटामेन असतं. पॅक्सिनोस यांच्या मेंदूच्या नकाशात त्याला ‘सीपीयू’ म्हणतात, अ‍ॅलन इन्स्टिट्यूटच्या नकाशात ‘सीपी’. आणि ‘सीपी’ म्हणजे मेंदूच्या वाढीवर काम करणाऱ्याला कॉर्टिकल प्लेट, सेरेब्रोस्पायनल द्रव अभ्यासणाऱ्याला कोरॉइड प्लेक्सस, बालरोगतज्ज्ञाला सेरेब्रल पाल्सी. पुढचं ऐका: अ‍ॅलनच्या उंदीर-नकाशात ‘स्ट्रायाटम’ या वरच्या गटात लॅटरल सेप्टम येतं आणि अमिग्डला या भीतीशी जोडलेल्या भागाचा सेंट्रल न्यूक्लियससुद्धा येतो. त्यामुळे ‘अ‍ॅलनप्रमाणे स्ट्रायाटम’ म्हणून पेशी मोजल्या, तर भीतीच्या प्रयोगातल्या अमिग्डलाच्या पेशी स्ट्रायाटमच्या डोपामिनच्या तक्त्यात जाऊन बसतात. नकाशाचं नाव आणि आवृत्ती लिहायला दहा सेकंद लागतात. दहा! ती लिहिलेली नसली तर तो कॉलम कचऱ्यात.

लघुरूपांची तर साथच आलीय. ‘एनटीएस’ म्हणजे ब्रेनस्टेममधला न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस, आणि ‘एनटीएस’ हेच न्यूरोटेन्सिन जनुकाचं अधिकृत चिन्ह. ‘एलसी’ म्हणजे लोकस सेरुलियस हा मेंदूतला भाग, आणि शेजारच्या खोलीत लिक्विड क्रोमॅटोग्राफी. ‘पीव्ही’ म्हणजे पार्वाल्ब्युमिन हे प्रथिन की पॅराव्हेंट्रिक्युलर हा मेंदूचा भाग? आणि पॅराव्हेंट्रिक्युलर असेल तर हायपोथॅलॅमसमधलं की थॅलॅमसमधलं? पार्वाल्ब्युमिनचं जनुक लिहायचं असेल तर ‘पीव्हीएएलबी’ लिहा ना, तीन अक्षरं जास्त लागतात, बोटं झिजत नाहीत. शिवाय ‘पीव्ही पेशी’, ‘बास्केट पेशी’ आणि ‘फास्ट-स्पायकिंग पेशी’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरायचे नसतात. पहिला प्रथिनावरून, दुसरा आकारावरून, तिसरा विजेच्या ठोक्यांवरून. पार्वाल्ब्युमिन असलेल्या शँडेलियर पेशी बास्केट नसतात. २००८ साली इंटरन्यूरॉनवाल्यांनी, म्हणजे जवळच्या पेशींना जोडणाऱ्या असल्या मज्जापेशी अभ्यासणाऱ्यांनी, एकत्र येऊन पेतिया परिभाषा छापली. मज्जापेशींचा आद्य अभ्यासक काहाल, त्याच्या जन्मगावाचं नाव दिलं तिला. त्यात आधी कुठले गुण नोंदवायचे याची यादी दिली. कौतुकाने उल्लेख सगळे करतात, यादी भरतं कोण?

ग्लुटामेट रिसेप्टरांकडे या, म्हणजे ग्लुटामेट या रसायनाचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनांकडे. त्यांतल्या एनएमडीए प्रकाराच्या एकाच उपघटकाला ‘एनआर२बी’, ‘ग्लुएन२बी’, ‘एप्सिलॉन२’ आणि जनुक म्हणून ‘ग्रिन२बी’ म्हणतात. २००९ मध्ये नावं सुधारून दिली, तरी जुन्या बाटलीवरचं लेबल बघून ‘एनआर’ लिहिणं थांबलेलं नाही. हे एक वेळ चालवून घेऊ, कारण इथे नावं चार असली तरी वस्तू एकच आहे. खरा घात ‘ग्लुआर५’ने होतो. जुन्या पद्धतीत हा कायनेट या दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरचा उपघटक, जनुक ‘ग्रिक१’. आणि ‘एमग्लुआर५’ म्हणजे मेटाबोट्रॉपिक, जनुक ‘जीआरएम५’. दोघांत फक्त एका ‘एम’चं अंतर, आणि घाईत तोच गळतो. एक आयन-चॅनेल, दुसरा जी-प्रोटीनवाला. औषधं वेगळी, काम वेगळं. तुमचा विद्यार्थी शीर्षकात ‘एम’ खातो आणि सहा सह-लेखकांपैकी एकाच्याही नजरेस पडत नाही.

आता एक्सेल. हो, तेच ते एक्सेल. सेप्ट२ या जनुकाचं नाव लिहिलं की ‘२ सप्टेंबर’ आणि मार्च१ लिहिलं की ‘१ मार्च’ होतं हे २००४ पासून छापलेलं आहे. २०१६च्या तपासणीत एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत ही घाण सापडली. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलून सेप्टिन२ आणि मार्चएफ१ केली. सॉफ्टवेअरच्या एका सवयीपायी माणसाच्या जनुकांची बारशी परत करावी लागली! आणि तरी जुन्या फाइली तशाच फिरतायत.

क्रमांक वापरायला सांगितले की तेही एक्सेलमध्ये मारले जातात. कसे, ते नीट वाचा. ‘युबेरॉन:’ हा उपसर्ग काढून नुसतं ०००२४२१ टाकलं की पुढची शून्यं उडून २४२१ उरतं. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोशाचा क्रमांक १८ अंकांपर्यंत असू शकतो. एक्सेल १५ अंकांपलीकडचे अंक शून्य करतं, टाइप करताना तर निमूटपणे. सगळ्यात भयंकर म्हणजे ओढणं. पहिल्या ओळीत ‘युबेरॉन:०००२४२१’ लिहून कोपरा धरून खाली ओढलं की एक्सेल त्याची मालिका करतं. दुसऱ्या ओळीत ०००२४२२, म्हणजे चौथं व्हेंट्रिकल, द्रवाने भरलेली पोकळी. तिसऱ्या ओळीत ०००२४२३, म्हणजे यकृत आणि पित्ताची संस्था. हिप्पोकॅम्पसपासून निघालेली गाडी दोन ओळींत पित्तावर! क्रमांक सगळे खरे, अस्तित्वात असलेले, त्यामुळे तपासणीचा प्रोग्रॅमही ‘बरोबर’ म्हणतो. म्हणून क्रमांकाशेजारी नाव हवंच आणि दोन्ही जुळतात का हे तपासायला हवं. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग चिकटवा. खाली भरायचं तर कंट्रोल-डी. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडू नका, डेटा मेनूतून आयात करा आणि कॉलमचा प्रकार स्वतः निवडा.

एकूण मागणी तरी किती आहे? चार कॉलम. तुम्ही वहीत जे लिहिलं ते जसंच्या तसं. ऑन्टॉलॉजीतलं नाव. क्रमांक उपसर्गासह. आवृत्तीची तारीख. डावं-उजवं असेल तर पाचवा, ते भागाच्या नावात कोंबू नका. शोधायला युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटची ऑन्टॉलॉजी लुकअप सर्व्हिस फुकट आहे. तिथे समानार्थी शब्दांपुढे ‘एक्झॅक्ट’, ‘ब्रॉड’, ‘नॅरो’, ‘रिलेटेड’ असं लिहिलेलं असतं, ते शोभेसाठी नसतं. ‘रिलेटेड’ दिसलं की थांबा, व्याख्या वाचा. पहिलं आलं ते उचललं, असं करायचं असेल तर नका करू, मोकळं सोडा. रिकामी जागा निदान खोटं बोलत नाही.

उंदरांचंही तेच. वाण कुठला विचारलं तर ‘सी५७’ किंवा ‘ब्लॅक सिक्स’ हे उत्तर नाही. सी५७बीएल/६जे मध्ये एनएनटी जनुकाचा तुकडा गेलेला असतो, मायटोकॉन्ड्रियाच्या कामावर त्याचा परिणाम होतो. सी५७बीएल/६एन मध्ये सीआरबी१ जनुकात आरडी८ बिघाड असतो, त्याने डोळ्याचा पडदा खराब होतो. दृष्टीवर प्रयोग करून शेवटचं एक अक्षर न लिहिणाऱ्याला काय म्हणायचं? अँटिबॉडीचं काय, ‘कंपनीकडून घेतली’ एवढ्यावर भागवतात. २०१३च्या एका पाहणीत शोधनिबंधांतल्या निम्म्याहून जास्त साधनांची नेमकी ओळख पटत नव्हती. त्यानंतर २०१४ पासून आरआरआयडी, म्हणजे प्रयोगातल्या साधनांचे ओळखक्रमांक, आले, अँटिबॉडीला, पेशींना, उंदरांना, सगळ्यांना.

आणि हे सगळं लॅबवाल्यांच्याच माथी मारायचं नाही. परिभाषा बनवणाऱ्यांनीही कमी छळलेलं नाही. मेंदूविज्ञानाच्या परिभाषांचंच बघा: आधी बर्नलेक्स, मग एनआयएफएसटीडी, मग न्यूरोलेक्स, मग ते इंटरलेक्समध्ये विलीन. दर वेळी नवा उपसर्ग. अनुदान संपलं की सर्व्हर बंद, आणि जुन्या निबंधांतले दुवे मेलेले. एखादी संज्ञा रद्द केली तर तिच्याजागी कोणती वापरायची हे लिहिणं हे उपकार नाहीत, काम आहे. कित्येकदा नुसतं ‘ऑब्सोलीट’ लिहून मोकळे होतात.

दवाखान्यातल्या कागदांवर तर बोलूच नये, पण बोलतो. डिस्चार्ज कार्डवर ‘ओल्ड सीव्हीए’, म्हणजे जुना स्ट्रोक. रक्तस्राव की गुठळी? कुठल्या बाजूचा? सीटी स्कॅन झालेला, रिपोर्ट फाइलला टाचलेला, तरी आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड लावताना आय६४, म्हणजे ‘रक्तस्राव की इन्फार्क्ट हे सांगितलेलं नाही’. अहो, सांगितलंय ना, टाचणीखाली बघा! गुठळीला आय६३ आहे, मेंदूतल्या रक्तस्रावाला आय६१ आहे. त्यात भर म्हणजे आयसीडी-१० मध्ये स्ट्रोक रक्ताभिसरणाच्या प्रकरणात होता, आयसीडी-११ मध्ये तो मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला. प्रकरणवार बेरजा करून ‘मज्जासंस्थेचे आजार एकदम वाढले’ असा आलेख काढणारे महाभाग आता निघतीलच. स्नोमेड सीटी भारतात वापरायला पैसे पडत नाहीत. देश २०१४ पासून सदस्य आहे आणि परवान्याचं काम पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेकडे चालतं. कोड महाग आहेत ही सबब संपली. सॉफ्टवेअर विकणाऱ्याने निदानासाठी मोकळा रकाना ठेवला आणि घेणाऱ्याने तो चालवून घेतला, एवढंच खरं कारण.

नियतकालिकांनो, तुम्ही तरी! संदर्भयादीत स्वल्पविराम चुकला म्हणून निबंध परत पाठवता. पुरवणी फाइलच्या जनुकाच्या कॉलमात ‘२-सेप’ दिसतंय, ते तसंच छापता. तारीख शोधणारी एक ओळीची तपासणी सबमिशनच्या वेळी लावा, आणि तारीख सापडली की अपलोडच होऊ देऊ नका.