दीर्घ आयुर्मानाचे रंजक अधिक तेजस्वी असते का?

प्रतिदीप्त रंजकांविषयीच्या, म्हणजे प्रकाश शोषून तो वेगळ्या रंगात परत सोडणाऱ्या रंगद्रव्यांविषयीच्या, लिखाणात एक विधान वारंवार आढळते: “ज्या रंजकांचे प्रतिदीप्ती-आयुर्मान दीर्घ असते ती अधिक तेजस्वी असतात, प्रकाशात लवकर उडत नाहीत, नमुन्यातील नको असलेला उजेड पूर्णपणे घालवतात आणि म्हणून नेहमीच्या रंजकांची जागा त्यांनीच घ्यावी.” या चार दाव्यांपैकी तिसरा बराचसा खरा आहे, बाकीचे ‘आयुर्मान’ या शब्दाने पाडलेल्या भुरळीतून आलेले दिसतात.

आयुर्मान म्हणजे उत्तेजित झालेला रेणू त्या अवस्थेत सरासरी जितका वेळ राहतो तो काळ. फ्लुरोसिन या नेहमीच्या रंजकासाठी तो सुमारे ४ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), अॅडोटा आणि डाओटा या ट्रायअँग्युलेनियम कुळातील रंजकांसाठी २० नॅनोसेकंदांच्या आसपास, रुथेनियमच्या संकुलांसाठी शेकडो नॅनोसेकंद, तर युरोपियम व टर्बियम या लँथनाइड धातूंच्या चिलेटांसाठी (सेंद्रिय रेणूने वेढलेल्या आयनांसाठी) मिलिसेकंदाच्या घरात असतो. बाटलीतले रंजक किती दिवस टिकेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

तेजस्वीपणाचा दावा तर जवळजवळ उलटा आहे. रंजकाचे तेज दोन गोष्टींवर ठरते: ते प्रकाश किती जोमाने शोषते आणि शोषलेल्या फोटॉनांपैकी (प्रकाशकणांपैकी) किती परत देते. सेंद्रिय रंजकांत प्रकाश शोषण्याची आणि तो सोडण्याची क्षमता एकमेकींशी बांधलेली असते. स्ट्रिकलर आणि बर्ग यांनी १९६२ मध्ये हेच नाते सूत्रात मांडले. उत्सर्जन मंद असेल तर शोषणही दुबळे असते, त्यामुळे ट्रायअँग्युलेनियम रंजके रोडामिन या नेहमीच्या रंजकाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी प्रकाश शोषतात. लँथनाइड आयनांचे स्वतःचे शोषण तर इतके क्षीण असते की प्रकाश टिपून ऊर्जा आयनाकडे पोहोचवणारा सेंद्रिय लिगँड (धातूला बांधला जाणारा रेणू) त्यांना जोडावाच लागतो. शिवाय एक रेणू एका उत्तेजनात जास्तीत जास्त एकच फोटॉन देतो. म्हणून ४ नॅनोसेकंदांच्या रेणूला सेकंदाला तत्त्वतः २५ कोटी फोटॉन देता येतात, २० नॅनोसेकंदांच्या रेणूला ५ कोटी, आणि १ मिलिसेकंदाच्या रेणूला फक्त १,०००. एकेकटा रेणू पाहू इच्छिणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

रंजक प्रकाशात उडणे हा रेणूच्या रासायनिक नाशाचा प्रश्न आहे. उत्तेजित अवस्था लांबली की आसपासच्या रेणूंशी टक्कर होण्याची संधी उलट वाढते. ऑक्सिजनची प्रत्येक टक्कर प्रतिदीप्ती शमवते, म्हणजे उजेड न देताच उत्तेजना संपवते, असे धरले, तर हवेच्या संपर्कातील पाण्यात ४ नॅनोसेकंदांच्या रंजकाचा उजेड सुमारे १ टक्क्याने घटतो, २० नॅनोसेकंदांच्या रंजकाचा सुमारे ५ टक्क्यांनी, आणि ४०० नॅनोसेकंदांच्या रंजकाचा निम्म्यावर येतो. सगळे शमन म्हणजे नाश नव्हे, हे खरे. ट्रायअँग्युलेनियम रंजके बऱ्यापैकी स्थिर असतात, पण त्याचे श्रेय त्यांच्या ताठ, सपाट सांगाड्याला जाते.

आता तिसरा दावा. पेशींतील फ्लेविनांसारख्या द्रव्यांचा स्वतःचा उजेड काही नॅनोसेकंदांत ओसरतो. त्याचे आयुर्मान ३ नॅनोसेकंद धरून लेसरच्या स्पंदानंतर १५ नॅनोसेकंद थांबून मोजणी सुरू केली, तर त्याचा १ टक्क्याहूनही कमी अंश उरतो, पण २० नॅनोसेकंदांच्या रंजकाचा ४७ टक्के शिल्लक असतो. लँथनाइडांवर आधारित रोगनिदान-चाचण्या याच तत्त्वावर चालतात. तरीही ‘पूर्णपणे’ हा शब्द टिकत नाही, कारण रंजकाचा अर्ध्याहून अधिक उजेड आपण स्वतःच टाकून देतो आणि काच किंवा प्लास्टिकमधील मंद प्रस्फुरण (उशिरापर्यंत रेंगाळणारा उजेड) मोजणीत राहूनच जाते.

जागा बदलण्याचा सल्ला उपकरणापाशी अडतो. बहु-फोटॉन सूक्ष्मदर्शनातील नेहमीचा ८० मेगाहर्ट्झचा लेसर दर १२.५ नॅनोसेकंदांनी स्पंद देतो. २० नॅनोसेकंदांच्या रंजकाचे सुमारे ५४ टक्के उत्तेजित रेणू तेव्हा अजून तसेच असतात आणि क्षयाचे (उजेड ओसरण्याचे) वक्र एकमेकांवर चढतात. वारंवारिता १० मेगाहर्ट्झवर आणली की हा दोष जातो, मात्र त्याच प्रमाणात चित्र घ्यायला वेळ लागतो.

ज्या कामासाठी ही रंजके खरोखर हवीत, त्याचा या विधानात उल्लेखच नाही. मोठे प्रथिन द्रावणात किती सावकाश फिरते हे ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाने मोजताना रंजकाचे आयुर्मान त्या फिरण्याच्या काळाशी तुल्य असावे लागते. प्रथिनाचा हा काळ ४० नॅनोसेकंद असेल आणि दुसरे प्रथिन जोडले गेल्यावर तो ८० झाला, तर पेराँ यांच्या १९२६ च्या समीकरणानुसार ४ नॅनोसेकंदांच्या रंजकाची अॅनिसोट्रॉपी (उजेडाचे ध्रुवण किती टिकले याचे माप) कमाल मूल्याच्या ०.९१ पटीवरून ०.९५ पटीवर जाते, जो फरक मोजणीच्या त्रुटीत सहज हरवू शकतो. २० नॅनोसेकंदांच्या रंजकात तीच ०.६७ वरून ०.८० वर चढते.