पाऊस कमी म्हणून वायपर टिकत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

मालक, महिंद्राच्या थार गाडीच्या वायपरवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सोलापुरात पाऊस पडतो कितीसा, वर्षातले आठ-नऊ महिने वायपर नुसते पडून असतात, मग दरवर्षी ब्लेड बदला म्हणून सांगणं म्हणजे दुकानदारांची भर. तुमच्या गाडीला चार वर्षं तीच ब्लेडं आहेत. महिन्याला डिझेलचा फडका मारता म्हणून रबर मऊ राहिलंय, उन्हाळाभर दांड्या उभ्या करून ठेवता, आणि लागलीच तर नुसती रबरपट्टी बदलता.

रबरपट्टीचं मला पटतं. बाकीचं पटत नाही, आणि डिझेलचा सल्ला वाचून आणखी चार जण तेच करतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर पाऊस, हे खरं. पण वायपरचं रबर पावसात झिजतं त्यापेक्षा उन्हात जास्त मरतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. उघड्यावर लावलेल्या गाडीची काच त्याहून कितीतरी तापते आणि त्या काचेवर रबराची धार दिवसभर एकाच बाजूला दुमडून पडलेली असते. साधं रबर ऊन आणि हवेतला ओझोन खाऊन कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. वायपर एका टोकाला जाऊन परत फिरतो त्या क्षणी धारेने उलट बाजूला कलायला हवं. कडक झालेली धार कलत नाही, तशीच ताठ ढकलली जाते आणि काचेवर खडखड उड्या मारते. तेव्हा तुमच्या ब्लेडांनी चार पावसाळे काढले, हा हिशोब अर्धा झाला. त्यांनी चार सोलापुरी उन्हाळेही काढलेत.

आणि आपला पाऊस कमी असला तरी सौम्य नाही. जास्तीत जास्त पडतो तो सप्टेंबरात, संध्याकाळी अंधारून येऊन, एकदम. ऑक्टोबर २०२० मध्ये तो कसा कोसळला ते जिल्ह्यात कोणीच विसरलेलं नाही. आषाढीच्या आधी पहाटे पंढरपूरच्या वाटेला लागा : भुरभुर चालू, रस्त्याच्या कडेने दिंड्या. शेगावची गजानन महाराजांची पालखी तर सोलापुरातूनच पुढे जाते. परतीचा पाऊस लांबला की त्यात ऊसाच्या ट्रॉल्याही सुरू होतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अशा वेळी काचेवर एक पुसट पट्टा राहिला आणि समोरून ट्रकचे दिवे आले, तर माणूस दिसत नाही. मी ब्लेडांच्या मागे लागतो ते एवढ्यासाठी.

आता डिझेल. रबर मऊ लागतं, काळंभोर दिसतं, म्हणून ते सुधारल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते डिझेल पिऊन फुगलेलं असतं. साधं रबर असो, ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असो की सिलिकॉन, तिन्हींना खनिज तेल मानवत नाही. फुगलेल्या धारेचा काटकोन जातो, ती गोल होते, आणि पाणी कापून नेण्याऐवजी पसरवते. शिवाय तेलाचा पातळ थर काचेवर बसतो तो वेगळाच. दिवसा कळत नाही. रात्री पावसात समोरच्या दिव्यांनी सगळी काच पांढरी होते. रॉकेल आणि पेट्रोलचंही तेच. ओल्या सुती फडक्याने धार पुसा, फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. बास. काचेवर आधीच थर बसला असेल तर भांड्यांच्या साबणाच्या पातळ पाण्याने काच धुऊन भरपूर पाण्याने निथळून घ्या.

दांड्या उभ्या ठेवल्या की तापलेल्या काचेचा चटका वाचतो, मान्य. पण ऊन थेट रबरावर पडतंच. आणि वावटळीने किंवा खेळणाऱ्या पोराच्या हाताने दांडी सुटली तर स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटते. ब्लेड काढलेली उघडी लोखंडी दांडी आपटली तर काच जाते. म्हणून ब्लेड बदलतानाही आधी काचेवर जाड टॉवेलाची घडी ठेवायची. उन्हाळ्यात सावली बघा, नाहीतर काच झाकणारं कव्हर घाला, वायपर त्याच्या आत राहू द्या.

रबरपट्टीबद्दल तुमचं बरोबर आहे. लोखंडी सांगाड्याचं ब्लेड असेल, सांगाडा वाकलेला नसेल, त्याचे सांधे हाताने हलवून सैल लागत नसतील, तर नुसती पट्टी टाकायला काहीच हरकत नाही. उभ्या, सपाट काचेला सांगाड्याचं ब्लेड चांगलं बसतं. बिनसांगाड्याची, आधीच बाक दिलेली ब्लेडं वक्र काचेसाठी बनवलेली असतात. सपाट काचेवर त्यांचा दाब सगळीकडे सारखा पडेलच असं नाही. महाग आहे म्हणून तेच घेऊ नका. लांबी जुन्याची मोजून घ्या, दोन्ही बाजूंची वेगळी, आणि जुनं ब्लेड सोबत नेऊन दांडीच्या टोकाच्या हुकाला बसेल असंच बघून घ्या.

मी ‘दरवर्षी ब्लेड बदला’ म्हणतो त्यातलं महत्त्वाचं म्हणजे केव्हा बदलायचं. मार्चमध्ये नवीन ब्लेड टाकलं तर ते दोन महिने नुसतं भाजून निघतं. मृगाच्या तोंडावर, मे संपता संपता टाका, म्हणजे हस्ताच्या पावसापर्यंत रबर ताजं राहतं. बदलायचं की नाही हे नखाने ठरवा : धारेवरून नख हळू ओढा. कुठे खाच अडकली, किंवा धार बोटाने एका बाजूला कलवून सोडल्यावर सरळ झाली नाही, तर तिचं काम संपलं. दोन्ही चाचण्यांत पास झाली तर आणखी एक वर्ष वापरा, माझी हरकत नाही. काचेवर बारीक रेघा उठत असतील तर आधी धारेत अडकलेला खडा बघा. रुंद पट्टा कोरडाच राहत असेल तर दांडीचा दाब कमी झालाय किंवा ती वाकलीय. नवीन ब्लेडानेही तो जाणार नाही.

शेताच्या रस्त्याने जाणाऱ्यांसाठी एक. काळ्या मातीचा चिखल काचेवर उडाला की लगेच वायपर लावू नका. त्यात बारीक खडे असतात, ते ब्लेडाखाली फरपटत जातात आणि काचेवर कमानीसारखे ओरखडे उठतात. ते पुन्हा जात नाहीत. गाडीत पाण्याची बाटली ठेवा, आधी पाणी ओतून चिखल काढा. वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी घालू नका, त्यातले क्षार नोझलच्या भोकात साचतात. साचलेच तर बारीक सुईने मोकळं करा. धुण्याची पावडर तर अजिबात नको.

मागच्या काचेला वायपर असेल तर तो बहुतेक जण विसरतात. चौकोनी गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि सगळी धूळ तिथे ओढली जाते, म्हणून मागची काच पुढच्यापेक्षा लवकर मळते. तिथे कोरडा वायपर एकदाही फिरवू नका.

तुमची थार जुनी की २०२० नंतरची, ते लिहा, आणि दांडीच्या हुकाचा फोटो टाका. सोलापुरात त्या ब्लेडाची नुसती पट्टी मिळते का ते बघून सांगतो.