आधी प्लग, मग कार्बोरेटर: गारगोटीच्या मेस्त्रींना उत्तर

मेस्त्री, नमस्कार.

साध्या सायकलला टू-स्ट्रोक इंजिनचं किट बसवून केलेली इंजिनची सायकल चालू होत नसेल तर काय बघायचं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक, दहातल्या नऊ वेळा दोष कार्बोरेटरचा असतो, मग प्लग आणि करंटचं पाल्हाळ कशाला? कार्बोरेटर धुतला की गाडी सुरू. दोन, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल मी कमी सांगितलं, त्यानं इंजिन धरेल, म्हणजे जाम होईल. तुम्ही लिटरला 100 मिली घालता. तीन, किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर काढून बघायला सांगणं धोक्याचं आहे. आणि शेवटी, असल्या सायकली कायद्यात बसत नाहीत, तर त्यावर लिहायचंच कशाला?

पहिल्या मुद्द्यावर मी ठाम आहे. कार्बोरेटर धुतल्यावर गाडी सुरू होते हे तुमचं निरीक्षण खरं आहे. पण धुताना तुम्ही दोन कामं एकदम करता. जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, साफ करता आणि कार्बोरेटरच्या कटोरीतलं शिळं पेट्रोल ओतून देता. दोन्हीपैकी कशानं गुण आला हे मग कळत नाही. बऱ्याचदा जेट तुंबलेलाच नसतो, पेट्रोलच मेलेलं असतं. गिऱ्हाईक तेच पेट्रोल टाकीत घेऊन घरी जातं आणि आठवड्यानं परत येतं.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे जूनपासून जी झड लागते, त्यात अर्धी टाकी भरून उभ्या राहिलेल्या सायकलचं काय होत असेल बघा. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाला बसतं. कॉक, म्हणजे टाकीची तोटी, तळातूनच ओढतो. म्हणजे इंजिनला जातं ते पाणीमिश्रित इथेनॉल, आणि टू-स्ट्रोकचं ऑइल बहुतेक वरच्या पेट्रोलच्या थरातच राहतं. अशी गाडी आधी सुरू होत नाही, आणि ओढून-ताणून झालीच तर पिस्टन कोरडा चालतो. खात्री करायची असेल तर कॉकमधून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि न हलवता पाच मिनिटं ठेवा. फुटलेलं असेल तर मध्ये रेघ दिसते, खाली वेगळा थर दिसतो. मग कार्बोरेटर कितीही धुवा, टाकी रिकामी केल्याशिवाय उपयोग नाही.

आता प्लग आधी का? कारण प्लग काढायला एक पाना लागतो, दोन मिनिटं लागतात आणि दुसरं काही बिघडत नाही. कार्बोरेटर उघडला की फ्लोटची पातळी, नीडलची क्लिप, पॅकिंग, स्लाइडची खाच, सगळ्यांना हात लागतो. घरी बसून स्वतः दुरुस्ती करणाऱ्या पोराच्या हातून स्लाइड उलटी बसली, तर एक दोष शोधताना दुसरा तयार झाला. तुमचा हात तयार आहे, त्याचा नाही. लेख त्याच्यासाठी आहे.

दहा-वीस पावलं पायडल मारून क्लच सोडून बघितला, गाडी लागली नाही, की लगेच प्लग काढायचा आणि टोकाला बोट लावून वास घ्यायचा. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल आत पोचतंय. तिथे कार्बोरेटर उघडण्यात अर्थ नाही, चोक ओढून अजून पेट्रोल पाजण्यात तर अजिबात नाही. प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी हेडच्या पात्याला टेकवायची, प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. मग सावलीत सायकल ढकलायची. उन्हात करंट दिसत नाही आणि चांगला प्लग लोक फेकून देतात. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर, मरगळलेली असेल तर प्लगचा गॅप 0.6 मिमीच्या आसपास आहे का बघा, नवीन प्लग लावून बघा, कॅप वायरवर घट्ट बसलीय का बघा. या किटमध्ये कॅप वायरवर पिळून बसवलेली असते आणि धक्क्यांनी ढिली होते.

प्लग कोरडा खट्ट निघाला, तर मेस्त्री, तिथून पुढे तुमचीच पद्धत बरोबर. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, कॉकची जाळी, पाइप, मग कटोरी आणि जेट.

करंट आहे, पेट्रोल आहे आणि तरी गाडी लागत नाही, तेव्हा दाब बघायचा. त्यालाही हत्यार लागत नाही. प्लग घट्ट लावून क्लच सोडायचा आणि सायकल पुढे ढकलायची. चाक अडून अडून, हिसके देत फिरलं पाहिजे. सहज घरंगळलं तर एक तर क्लचची केबल फार ताणलीय, नाहीतर हेडचं पॅकिंग किंवा रिंगा गेल्यात.

ऑइलबद्दल तुमची काळजी मला समजते. उसाच्या पानंदीतून ओझं घेऊन चढ चढणारं एअर-कूल्ड इंजिन धरलं की गिऱ्हाईक मेस्त्रीलाच बोलतं. पण लिटरला 100 मिली म्हणजे 1:10. ऑइल वाढलं की तेवढ्या जागेत पेट्रोल कमी जातं, प्लग काळा पडून शॉर्ट होतो, सायलेन्सर कार्बननं भरतो. सकाळी थंड इंजिन न लागण्याचं हे मोठं कारण आहे. नवीन इंजिनला सुरुवातीच्या टाक्यांना जास्त द्या, पुढे चांगलं टू-टी ऑइल लिटरला 40 मिली, म्हणजे 1:25, पुरतं. तरीही इंजिन धरत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीचं पॅकिंग बघा. तिथून हवा ओढली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. ते ऑइल वाढवून भरून निघत नाही.

किल स्विचची वायर काढायची ती फक्त तपासणीपुरती. हा स्विच दोन वायरी एकमेकींना जोडून करंट बंद करतो. मुठीत पावसाचं पाणी शिरलं की तो आतल्या आत कायमचा जोडलेला राहतो, आणि माणूस नवा सीडीआय, म्हणजे प्लगला करंट देणारा डबा, विकत आणतो. वायर काढल्यावर करंट आला तर दोष स्विचचा. नाही आला तर मीटरवर मॅग्नेट कॉईलची निळी आणि काळी वायर तपासा, साधारण 300 ते 400 ओहम यायला हवेत. मॅग्नेटकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरीचं टोक टेपनं झाका, ते बॉडीला टेकलं तरी करंट बंद होतो. तुमची धोक्याची सूचना मात्र महत्त्वाची आहे: स्विच काढलेल्या अवस्थेत इंजिन लागलंच तर चोक पूर्ण लावा, गुदमरून बंद पडेल. तशी गाडी चालवू नका.

कायद्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची, 25 सीसीपर्यंतचीच वाहनं वगळली आहेत. बाजारात '80 सीसी' म्हणून विकलं जाणारं किट 47 मिमी बोअर आणि 38 मिमी स्ट्रोक धरला तर 66 सीसीच्या आसपास भरतं, पण 25 च्या कितीतरी वर. म्हणजे रजिस्ट्रेशनशिवाय ती सायकल रंकाळ्यावर किंवा हायवेला न्यायची नाही. शेतावर, स्वतःच्या आवारात ती वापरणारे लोक आहेत, आणि घरात जुनी लुना असलेलेही आहेत. लुनाच्या टू-स्ट्रोक इंजिनलाही तपासणीचा हाच क्रम लागू पडतो. त्यांच्यासाठी मी लिहीत राहणार.