दहा पानं अधिक दोन

रात्री दोन वाजता सॉफ्टवेअर टेस्टिंगचा एखादा संशोधक तारवटलेल्या डोळ्यांनी स्क्रीनकडे बघत बसलेला दिसला, की घरच्यांना वाटतं, केवढा मोठा बग सापडला असेल! बग कसला? कॉन्फरन्सला पाठवायच्या पेपरच्या अकराव्या पानावर तीन ओळी सांडल्यात आणि नियम दहा पानांचा आहे. संदर्भांसाठी वेगळी दोन पानं मिळतात, पण त्यांत मजकुराचा एक शब्द चालत नाही. घरात पाहुणे मावत नाहीत, शेजारची खोली रिकामी आहे, पण तिच्यात फक्त भांडी ठेवायची परवानगी, अशातली गत.

दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा आमचा धंदा. त्या शोधायच्या पद्धतींवर पेपर लिहिणं हा जोडधंदा, आणि पोट भरतं ते जोडधंद्यावरच. पण तोच पेपर कॉन्फरन्सला पाठवताना आमची जी दाणादाण उडते ती पाहिली, तर कोणीही म्हणेल, लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

कॉन्फरन्स तशा मोजक्याच. आयएसएसटीए, जिला सगळे 'इस्टा' म्हणतात. २००८ साली नॉर्वेतल्या लिलहॅमरला सुरू झालेली आयसीएसटी. सिद्धतावाल्यांच्या, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करणाऱ्यांच्या, कॅव्ह आणि टाकास. शिवाय आयसीएसई, एफएसई, एएसई या सगळ्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या मोठ्या जत्रा, ज्यांत आमचाही तंबू असतो. सिद्धतावाले आणि टेस्टिंगवाले तसे चुलतभाऊ. टेस्टिंगने चुका आहेत एवढं दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही, असं संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा सांगून गेला. तेव्हापासून सिद्धतावाले आमच्याकडे जरा वरून बघतात आणि आम्ही त्यांना विचारतो, 'तुमचं टूल शंभर ओळींच्या पुढे चालतं का हो?' पानांच्या बाबतीत मात्र दोघांचं दुःख एकच. इकडे बहुधा दोन कॉलम, तिकडे एक. इकडून नाकारलेला पेपर तिकडे पाठवायचा, तर प्रत्येक तक्ता एक तर कडेबाहेर लोंबतो किंवा पानाच्या मधोमध अनाथासारखा उभा राहतो.

डेडलाइन 'एओई' असते, म्हणजे पृथ्वीवर कुठेही. जगात कुठे ना कुठे ती तारीख चालू आहे तोवर पेपर देता येतो. हे घड्याळ ग्रिनिचच्या बारा तास मागे चालतं. त्या पट्ट्यात जमीन म्हणून आहे ती बेकर आणि हाउलंड या दोन बेटांची, आणि तिथे माणूस राहत नाही. जगभरचे टेस्टिंगवाले अशा रीतीने समुद्रपक्ष्यांच्या मध्यरात्रीपर्यंत जागतात. ग्रिनिचला तेव्हा दुसऱ्या दिवशीचे भर दुपारचे बारा वाजत आलेले असतात.

ओळी वाचवायचंही एक शास्त्र आहे. आधी ज्यांची शेवटची ओळ एकाच शब्दाची आहे असे परिच्छेद हुडकायचे. त्यातलं एखादं 'अत्यंत' किंवा 'प्रामुख्याने' उडवलं की अख्खी ओळ वाचते. असे तीन परिच्छेद सापडले तर झोपायला हरकत नाही. पण सापडतात दोनच. मग आलेखातली रंगांची सूची आलेखाच्याच पोटात ढकलायची, दोन बुटके तक्ते शेजारीशेजारी बसवायचे. इथवर सज्जनपणा. यापुढे लाटेक या पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राखाली उणे चार पॉइंट उभी जागा सोडली, की खालचा मजकूर हळूच वर सरकतो. एकदा केलं तर खपतं. सतरा ठिकाणी केलं तर शीर्षक तक्त्याच्या डोक्यावर बसतं, आणि कॉन्फरन्सने दिलेलं टेम्प्लेट बिघडवलं म्हणून पेपर वाचण्याआधीच परत येतो. संदर्भांच्या यादीत काटछाट करून काही उपयोग नसतो, ती पानं वेगळीच. तरी पहाटे चारला सहलेखकांपैकी एक जण हटकून कॉन्फरन्सांची नावं आखूड करत बसलेला सापडतो.

हे सगळं शेवटच्या रात्रीवर का येतं? प्रयोग संपलेले नसतात म्हणून. फझिंगचंच घ्या. फझर प्रोग्रॅमवर अंदाधुंद इनपुट फेकत राहतो, त्यामुळे दर फेरीला निकाल वेगळा. एका फेरीवरून काही बोलायची सोय नाही. २०१८ साली एका गाजलेल्या पेपरने फझिंगच्या प्रयोगांची झडती घेतली आणि फेऱ्या पुष्कळ करा, प्रत्येक फेरी २४ तास चालवा, असं बजावलं. बजावलं ते बरोबरच. पण हिशेब करा: १० प्रोग्रॅम, आपलं एक आणि प्रतिस्पर्ध्यांची दोन अशी ३ टूल्स, प्रत्येकी ३० फेऱ्या, फेरीला २४ तास. झाले २१,६०० तास. प्रोसेसरचे ४० कोअर दिवसरात्र राबवले तरी साडेबावीस दिवस. आणि विसाव्या दिवशी लक्षात येतं, की निकाल लिहिणारी स्क्रिप्ट फाइलच्या नावात फेरीचा क्रमांक घालायलाच विसरली आहे. तिसांपैकी एकोणतीस फेऱ्यांवर तिने मुकाट बोळा फिरवला. त्या स्क्रिप्टची टेस्ट? अहो, स्क्रिप्टची कोण टेस्ट लिहितं!

नावं लपवण्याचा सोहळा वेगळाच. परीक्षण दोन्हीकडून आंधळं, म्हणून लेखकांची नावं काढायची. पहिल्या पानावरून ती सगळेच काढतात. राहतात ती इतरत्र. स्टॅक ट्रेसच्या, म्हणजे प्रोग्रॅम कुठे कोसळला ते दाखवणाऱ्या यादीच्या, चित्रात होम फोल्डरचा मार्ग असतो आणि त्या मार्गात विद्यार्थ्याचं आडनाव असतं. कोडची रिपॉझिटरी अनामिक केलेली असते, पण कमिटांच्या, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांच्या, इतिहासात अख्खी प्रयोगशाळा ईमेलसकट हजर. आभाराचा परिच्छेद काढला, तर अनुदानाचा क्रमांक तळटिपेत शिल्लक. आणि 'आमच्या आधीच्या कामात [१२]' हे एक वाक्य कुठे ना कुठे दबा धरून बसलेलंच असतं.

मग दोनतीन महिन्यांनी रिव्ह्यू येतात. हॉटसीआरपी या परीक्षणाच्या संकेतस्थळाचं पान उघडताना हात थरथरतो, ते सोडा. गुण बघून पान मिटू नये, मजकूर वाचावा. खरी मौज तिथे आहे. प्रोग्रॅम दुरुस्त करणारं टूल असलं, तर डिफेक्ट्सफोरजेचा विषय निघणारच. २०१४ साली इस्टामध्ये मांडलेला जावातल्या खऱ्या बगांचा हा संग्रह. तेव्हा पाच प्रकल्प, ३५७ बग. सगळे मूळ प्रकल्पांत केव्हाच दुरुस्त झालेले. पण आमच्याकडे त्यांना मरण नाही. गेली कित्येक वर्षं जगभरची टूल्स तेच बग पुन्हा पुन्हा दुरुस्त करताहेत. एकेकाला इतक्या वेळा अभिमानाने निस्तरलाय, की आता त्याला निवृत्तिवेतन द्यायला हवं. आणि हल्ली तर पुढे आड, मागे विहीर. संग्रह वापरला तर रिव्ह्यूअर म्हणतो, 'तुमच्या टूलमधल्या भाषा मॉडेलने हे बग प्रशिक्षणातच वाचलेले असणार, मग त्यात कर्तबगारी ती काय?' न वापरला तर दुसरा म्हणतो, 'डिफेक्ट्सफोरजेवर तुलना का नाही?' गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं.

म्युटेशन टेस्टिंगवाल्यांचा जाच आणखी जुना. कोडमध्ये मुद्दाम एक बारीक चूक करायची आणि टेस्ट ती पकडतात का ते बघायचं. १९७८ पासून ही कल्पना साहित्यात आहे. अडतं कुठे, ते बघा. लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा, शून्यापासून एकेकाने वाढत पाचापर्यंत जातं आणि अट '<' आहे. तिच्या जागी '!=' घातलं. आता जगातली कुठलीही टेस्ट लिहा, फरक दिसणार नाही, कारण फरक नाहीच. हा समतुल्य म्यूटंट: कोड बदललं, वागणं तेच. असे सगळे ओळखून काढणारी पद्धत तत्त्वतःच असू शकत नाही. मग उरतं काय? दोघांनी बसून दोनशे म्यूटंट डोळ्यांनी तपासायचे, मतभेद मोजायचे, आणि रिव्ह्यूअरने लिहायचं: 'नमुना लहान वाटतो.'

यावर उतारा म्हणून प्रत्येक पेपरात 'निष्कर्षांना असलेले धोके' असा भाग असतो. रिव्ह्यूअरने शोधण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, हा हेतू. आम्ही भाबडेपणाने लिहितो की प्रयोग फक्त जावावर आहेत, प्रकल्प सगळे मुक्तस्रोत आहेत. रिव्ह्यूअर तेच 'उणिवा' या मथळ्याखाली क्रमांक घालून उतरवतो. उत्तराला पाचशे-सातशे शब्द मिळतात. त्यातले पन्नास 'मोलाच्या सूचनांबद्दल आभार' मानण्यात जातात.

पेपर स्वीकारला गेला की संकट संपलं असं नवख्यांना वाटतं. आता आर्टिफॅक्ट. २०११ च्या एफएसईपासून ही प्रथा आहे: पेपरातलं टूल आणि डेटा एका समितीला द्यायचा, ती चालवून बघते, पेपरावर बिल्ले लागतात. एक उपलब्ध असल्याचा, एक चालत असल्याचा, एक पुन्हा वापरता येण्याजोगा असल्याचा. सुरुवातीला नुसतं टायर दाबून बघतात: अर्ध्या तासात उभं राहतं का? राहत नाही. आमच्या मशीनवर राहतं.

का राहत नाही, याची कारणं मला आता मारुतीच्या शेपटीसारखी वाटतात, तरी मोठी तेवढी सांगतो. टूलला लागणारा सगळा सरंजाम एका 'इमेज'मध्ये बांधायची कृती म्हणजे डॉकरफाइल; तिच्यात मूळ इमेजपुढे 'लेटेस्ट' लिहिलेलं असतं आणि मधल्या चार महिन्यांत लेटेस्ट बदललेलं असतं. पायथनची पॅकेजं आवृत्तीचा आकडा न लिहिता मागवलेली असतात. इमेज एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर बांधलेली आणि परीक्षकाचा लॅपटॉप एआरएम जातीचा, म्हणून पहिल्याच आज्ञेला मशीन हात वर करतं. हे सगळं निस्तरलं, तर रीडमी या सूचनांच्या फाइलची चौथी पायरी म्हणते, 'आता सर्व प्रयोग चालवा.' ते वरचे २१,६०० तास! शहाण्याने तासाभरात संपेल असा छोटा प्रयोग वेगळा द्यावा आणि अपेक्षित उत्तर शेजारी लिहून ठेवावं. तरीही परीक्षकाचं मशीन मंद निघालं, तर वेळमर्यादा लवकर गाठली जाते, तीन बग कमी सापडतात आणि तक्ता ३ जुळत नाही. शेवटी सगळं झेनोडो या ऑनलाइन संग्रहावर चढवायचं, डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, घ्यायचा, तो पेपरात छापायचा. लगेच फाइलमधली चूक दिसते. प्रकाशित फाइल सहसा बदलता येत नाही. नवी आवृत्ती, नवा डीओआय. छापलेला मात्र जुनाच.

अंतिम प्रतीला प्रकाशकाची पीडीएफ तपासणी नाक मुरडते: टाइप ३ फाँट चालत नाहीत. दोष मॅटप्लॉटलिब या पायथन पॅकेजने काढलेल्या आलेखांचा. सेटिंगमध्ये फाँटटाइप ४२ ठेवलं की सुटतं, पण त्यासाठी सगळे आलेख पुन्हा काढायचे, आणि कोडच्या ज्या नोटबुकात ते काढले ते आता चालत नाही.

यानंतर भाषण म्हणजे सुटकाच. अडॅप्टर सापडत नाही, डेमो अडकतो, चालायचंच. जपायचं ते प्रश्नोत्तरांत. टाकासबरोबर २०१२ पासून एसव्ही-कॉम्प ही सिद्धतेच्या टूल्सची स्पर्धा होते. प्रत्येक कोड्याला १५ मिनिटं सीपीयू वेळ आणि १५ जीबी मेमरी. खरी चूक दाखवली तर १ गुण, प्रोग्रॅम बरोबर आहे हे सिद्ध केलं तर २. खोटा गजर केला तर उणे १६, चुकीच्या प्रोग्रॅमला बरोबर म्हटलं तर उणे ३२. 'माहीत नाही' म्हटलं तर शून्य.

मागच्या रांगेतून माइक फिरतो. 'फ्लोटिंग पॉइंटला, म्हणजे अपूर्णांकांच्या हिशेबालाही, तुमची पद्धत लागू पडते का?' वक्ता घोटभर पाणी पितो, सहलेखकाकडे बघतो. सहलेखक बूट न्याहाळत असतो.

'फार छान प्रश्न,' वक्ता म्हणतो, 'पुढच्या कामात बघू.' आणि शून्य गुण घेऊन खाली उतरतो.